अख्खी राहिलेली लिंबं

रविवार, संध्याकाळ

शीवच्या शिर्क्यांनी सकाळीच सांगितलं होतं, "गिअरबॉक्सचं काम आहे. रिव्हर्स कधी पडतो, कधी नाही." तरी त्यांची ती विकायला काढलेली लाल, दोन दारांची गाडी मी ट्रायलला म्हणून थेट लालबागला आणली आणि आमच्या चाळीच्या बंद गल्लीत घातली. शेजारी शिर्के बसलेले. का घातली? आईला दाखवायची होती, बस.

आईला वाटलं, घेतलीच. तिने हळदकुंकू वाहिलं, पुढच्या चाकांपुढे लिंबं ठेवली. तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण कॉलेजपासून अशी गाडी दिसली की माझी मान वळते, आणि आज स्टिअरिंग माझ्या हातात होतं...

रिव्हर्स पडलाच नाही. समोर भिंत. शेवटी मंडळाच्या कार्यकर्त्यांनी मोरया म्हणत, गणपतीची ट्रॉली ढकलावी तशी गाडी मागे ढकलत बाहेर काढली.

शिर्के गाडी घेऊन गेले. लिंबं तशीच, अख्खी. पुढे गेलोच नाही, फुटणार कशी?

आईला सगळं सांगितलं. तिने लिंबं उचलून पदराला पुसली. "राहू देत रे. आणशील तेव्हा लागतील."

फ्रिजमध्ये आहेत. आतापर्यंत दोनदा दार उघडून बघितली.