आपला यंदाचा संघ

प्रिय ठोंब्या,

फोनवर मी फुटबॉलचा 'फु' काढला की तू लगेच विचारतोस, "आई, तुझी गुडघेदुखी कशी आहे?" माझे गुडघे ठणठणीत आहेत. तेव्हा हे पत्र. फोन मध्येच तोडता येतो, पण कागद तोंड बंद करत नाही. तू तो घडी घालून खिशात ठेवशील, दोन दिवस ठेवशील, पण तिसऱ्या दिवशी वाचशील. मी तुला ओळखते.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवली होती, ती आधी सांगून टाकते. गेली दोन वर्षं क्लबचे कपडे माझ्याच लाँड्रीत धुतले जातात. त्यांच्या आधीच्या लाँड्रीवाल्याने दुकान बंद केलं, आणि एका सोमवारी क्लबचे व्यवस्थापक दोन भलीमोठी गाठोडी घेऊन माझ्या दारात उभे राहिले. मी नाही म्हणणार होते. का, ते तुला वेगळं सांगायला नको. पण बिचाऱ्यांच्या हातातलं एक गाठोडं सुटलं, जर्सी साऱ्या दुकानभर पसरल्या, आणि समोर चिखलाने बरबटलेले कपडे पडलेले असताना 'नाही' हा शब्द माझ्या तोंडून फुटत नाही. तीस वर्षांची खोड आहे. त्यातल्या निम्म्या जर्सींवरचे गवताचे डाग आधी कुणीतरी गरम पाण्यात घालून कायमचे पक्के करून ठेवले होते. ते बघून तर माझं डोकंच फिरलं. म्हटलं, ठेवा इथेच.

तर संघातली माणसं मला आधी कपड्यांवरून कळली, चेहरे मागाहून. सात नंबरच्या चड्डीला दोन्ही बाजूंनी गवत लागलेलं, म्हणजे हा घसरत जाऊन बॉल काढणारा. नऊ नंबरच्या डाव्या बाहीचं टोक चावून चावून चोथा झालेलं, म्हणजे याच्या जिवाला घोर. पण अकरा नंबरची जर्सी दर आठवड्याला इतकी स्वच्छ यायची, की घडी घालून तशीच परत पाठवावी. मला वाटलं, आहे कुणीतरी लाडोबा, बाकावर बसून संत्री सोलणारा. तसं वाटावं तर बाकीच्या राखीव खेळाडूंच्या जर्सींवर नसलेला घामाचा वास हिला पुरेपूर. दोन महिने मी हे कोडं डोक्यात घेऊन फिरले. शेवटी एका रविवारी दुकानाला कुलूप लावलं आणि बघायलाच गेले, की हा माणूस करतो तरी काय.

अरे, काय पळतो तो! कडेच्या रेषेवरून निघाला, की समोरचे दोघे-तिघे पाय घालतात, हात घालतात, आणि हा त्यांच्यामधून असा निसटतो की ते तिघे एकमेकांवर. त्याला कुणाचं बोटही लागत नाही, तर जर्सी मळणार कशी? मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. शेजारच्या गृहस्थांनी मला हळूच खाली बसवलं. म्हणाले, "ताई, तो ऑफसाइड होता." ते निवृत्त पोस्टमन आहेत, एकतीस वर्षं घरच्या मैदानावरचा एकही सामना न चुकवलेले. ऑफसाइड म्हणजे काय हे त्यांनी मला बाकड्यावर माझेच कपड्यांचे चिमटे मांडून शिकवलं. आता त्यांच्या शेजारची, सहाव्या रांगेतली जागा माझी झाली आहे.

यंदाचा संघ मला विचारशील, आणि तू विचारणार नाहीस तरी मी सांगणार, तर गेल्या पाच-सात वर्षांतला सगळ्यांत चांगला आहे, असं पोस्टमनही म्हणतात. गोलमध्ये अजून तुमच्या वेळचेच बेकरीवाले आहेत. पहाटे चारला उठून पाव भाजायचे, आणि दुपारी गोलमध्ये उभं राहायचं. वय छत्तीस, उडी आता अर्धा हात कमी पडते, पण पंजे असे की बॉल येऊन चिकटतोच. माझ्या मते त्यांच्यात अजून एक हंगाम आहे, दोन नाहीत. दुसरा गोलकीपर चांगला तयार होतो आहे, त्याला सोप्या सामन्यांत आत्तापासून उतरवायला हवं. पोस्टमनना हे पटत नाही. आमचं यावरून अख्खं मध्यंतर भांडण होतं. मधल्या फळीत आठ नंबर, आपला कप्तान. शाळेत भूगोल शिकवतो, आणि मैदानावरही नकाशा हातात असल्यासारखा खेळतो. मान वर न करता बॉल सोडतो, आणि तो बरोबर अकराच्या पायात. त्याचं कौतुक कुणी फारसं करत नाही, कारण तो गोल करत नाही. पण तो नसलेला सामना मी पाहिला आहे. सगळे जण कुणाची तरी वाट बघत असल्यासारखे उभे होते.

अकरा मात्र आपल्याकडे राहायचा नाही. मोठ्या क्लबची माणसं दोनदा येऊन बघून गेली, कोऱ्या पांढऱ्या बुटांत, आपल्या स्टँडमध्ये लगेच ओळखू येतात. जाऊ दे. एकवीस वर्षांचं पोर, त्याने जायलाच हवं. फक्त त्याच्या जागी कोण, याचा विचार कोचनी आत्ता करायला हवा, कारण डाव्या बाजूला आपल्याकडे दुसरं कुणीच नाही. आणि नऊ नंबर! पहिल्या अकरा सामन्यांत नऊ गोल, आणि मग सलग सहा सामने कोरडे. स्टँड ओरडायला लागलं, याला बसवा. मला राहवलं नाही. तुझे कोच अजून तेच आहेत, केस गेले, शिट्टी तीच. त्यांच्या धुतलेल्या टी-शर्टच्या घडीत मी चिठ्ठी घातली, की नऊला बसवू नका, त्याचा पाय नाही अडकलेला, मन अडकलं आहे. दुसऱ्या दिवशी कोच स्वतः दुकानात आले. म्हणाले, "ताई, पुढच्या वेळेपासून घडीत फक्त कपडे असू द्या." पण नऊला खेळवलं हं. आणि सातव्या सामन्यात त्याने दोन टाकले. बाही मात्र अजून चावतो.

चार नंबर मी मुद्दाम मागे ठेवला.

तू गेल्यापासून तीन हंगाम ती जर्सी कुणीच मागितली नाही. गाठोड्यात यायची ती न घातलेलीच. मी तरी धुवायचे, इस्त्री करायचे, परत पाठवायचे. यंदा ती एका वीस वर्षांच्या उंच, किडकिडीत पोराच्या अंगावर आली आहे. विजेच्या तारा ओढायचं काम शिकतो आहे, हातांवर कायम चिकटपट्ट्या. त्याने ती स्वतः मागून घेतली. कोचनी विचारलं, तीच का? तर म्हणाला, "खांबाची आहे म्हणून."

तुला सगळे खांब म्हणायचे, हे मला पोस्टमनकडून कळलं. पाच महिने मी त्यांच्या शेजारी बसत होते, आणि मी कुणाची आई हे त्यांना सांगितलं नव्हतं. ते आपणहून बोलायचे. असा बचावपटू या मैदानाने पुन्हा पाहिला नाही, म्हणाले. बॉल कुठे येणार हे त्याला बॉलच्या आधी कळायचं. तो कधी धावताना दिसायचा नाही, म्हणाले, तो तिथे असायचाच. मी ऐकत होते, आणि माझे कान तापत होते. एका परक्या माणसाकडून स्वतःचा मुलगा समजून घेत होते मी. अकरा वर्षं तू त्या मैदानावर खेळलास, ठोंब्या, आणि तुझा एकही सामना मी पाहिला नाही. रविवार म्हणजे हॉटेलच्या चादरींचा दिवस, असं मी सांगायचे, आणि तू मान डोलवायचास. चादरी खऱ्या होत्या. पण पंधराव्या वर्षी तुला खांद्याचं हाड मोडून घरी आणलं होतं, त्या दिवसापासून मैदानाचा नुसता आवाज आला तरी मी दुकानाचं दार लावून घ्यायचे, हे त्याहून खरं होतं. तू पडलेला मला बघायचा नव्हता. म्हणून मग तू उभा असलेलाही बघायचा राहून गेलास.

त्या शेवटच्या सामन्याचंही पोस्टमननीच सांगितलं. बरोबरी झाली असती तरी क्लब वरच्या गटात राहणार होता. शेवटची सहा मिनिटं उरली होती. तू मागे गोलकीपरकडे बॉल दिलास, तो कमी पडला, त्यांचा माणूस मध्ये घुसला आणि गोल करून गेला. एवढंच. मग ते म्हणाले, त्या दिवशी तो घोट्याला गच्च पट्टी बांधून उतरला होता, बदली द्यायला दुसरा कुणी नव्हता, आणि त्याने ते कुणाला बोलूनही दाखवलं नाही. मलाही नाही. तेव्हा मात्र मी त्यांना सांगितलं, मी त्याची आई. पोस्टमननी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. सामना संपेपर्यंत तशीच ठेवली होती.

आता गेल्या रविवारचं. चषकाची उपांत्य फेरी होती. तुझी मावशी आली होती आठ दिवस राहायला. दर रविवारी मी जाते कुठे, याचा छडा लावायला ती सोबत आली, डोळ्यांवर गॉगल, पर्समध्ये बिस्किटं. तुझ्या जागेवरचं ते पोर काय खेळत होतं! अठ्ठ्याऐंशी मिनिटं त्याने त्यांच्या त्या आडदांड स्ट्रायकरला एक संधी दिली नाही. दोनदा गोलरेषेवरून बॉल काढला. मी पोस्टमनना म्हटलंसुद्धा, याला तीन वर्षं जपा, हा मोठा होणार. आणि तेवढ्यात कडेवरून एक साधा बॉल आत आला. याने तो बाहेर मारायला पाय टाकला, बॉल नडगीच्या हाडावर लागला आणि आपल्याच गोलमध्ये गेला. एक-शून्य. संपलं. पोर तिथेच खाली बसलं आणि त्याने जर्सी ओढून तोंडावर घेतली. बेकरीवाले गोलमधून चालत आले आणि त्याच्या शेजारी गवतावर बसले. छत्तीस वर्षांचा माणूस, त्याचा बहुधा शेवटचाच चषक.

मी रडत होते. हुंदके देऊन, लाज सोडून. मावशीने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "अगं ताई, एवढं काय, खेळच तर आहे." मी तिच्यावर अशी काही ओरडले की पुढच्या तीन रांगा वळून बघायला लागल्या. म्हटलं, खेळच तर आहे? पहाटे पाचला येऊन धावतो तो, मग दिवसभर शिडीवर चढून तारा ओढतो, मग पुन्हा संध्याकाळी इथे. त्याचं सगळं आयुष्य त्या गवतावर पडलंय तुझ्या डोळ्यांदेखत, आणि तू म्हणतेस खेळच तर आहे? आणि मी मध्येच थांबले. कारण ते वाक्य मी ओळखलं.

ते माझंच होतं. त्या शेवटच्या सामन्याच्या संध्याकाळी तू घरी आलास, बूट न काढता दाराशी बसलास. मी इस्त्री करत होते. मी हातातली इस्त्री खालीसुद्धा ठेवली नाही, आणि म्हणाले, एवढं काय, खेळच तर आहे, ऊठ, हात धू, जेवायला बस. तू उठलास, हात धुतलेस, जेवलास. तो सुजलेला घोटा घेऊन तू पाटापर्यंत चालत गेलास, आणि माझ्या ते लक्षातही आलं नाही. पंधरा दिवसांनी तू दुसऱ्या गावची नोकरी घेतलीस, आणि मी इतकी वर्षं समजत होते की तू लोकांच्या तोंडाला कंटाळून गेलास. लोक विसरलेत रे. लोक तुझी जर्सी मागून घेतात. तू गेलास तो माझ्या त्या वाक्यामुळे, की आणखी कशामुळे, हे मला माहीत नाही, आणि मी तुला ते विचारतही नाही. पण तुझी अकरा वर्षं मी एका वाक्यात झटकून टाकली, आणि त्यालाच धीर देणं समजले. ते वाक्य परत घेण्यासाठी मी आज लिहायला बसले आहे. चुकलं माझं, बाळा. तू ये असं म्हणत नाही, पुन्हा खेळ असंही नाही. फक्त कधी मनात आलं, तर त्या सामन्याचं तू मला सांग, तुझ्या तोंडून, पहिल्या मिनिटापासून. कितीही वेळ लागू दे. मी हातातलं काम बाजूला ठेवून ऐकेन.

तुझीच,
आई