लाल दोऱ्याचे तीन टाके

साऊथ बेंड,
सोमवार, ९ मार्च १९६४

प्रिय ब्रोनेक,

तुला, सूनबाईला आणि पोरांना आशीर्वाद. अक्षर तुझ्या भाचीचं, हलिनाचं, शब्द माझे. ती मधेमधे शहाणपणा करून माझं बोलणं सुधारू पाहते. तिला बजावलंय, मी शिंकले तरी लिहायचं.

आम्ही बरे आहोत. माझे गुडघे कुरकुरतात. ईस्टरच्या आधीचे उपवास चालू आहेत, त्यामुळे घराला कोबीचा वास आणि तुझ्या बाबांचा चेहरा लोणच्यासारखा.

आपला स्टुडबेकरचा कारखाना नाताळच्या तोंडावर बंद झाला, ते तुमच्या फ्लिंटच्या मोटार कारखान्यातही कळलं असेलच. मला एकच विचारायचं होतं, आणि इथे कुणी धड सांगत नाही: एवढी मोठी गोष्ट संपते कशी? तुझे बाबा आले तेव्हा तिथे घोडागाड्याही बनत होत्या. मग मोटारी उरल्या. लढाईनंतर आपली स्टुडबेकर पुढून-मागून अशी काही सारखी दिसायला लागली, की लोक विचारायचे, ही येतेय की जातेय? तेव्हा आम्हा शिलाईखात्यातल्या बायकांना मान वर करायला फुरसत नसे. आता तिथे कबुतरं आहेत. शेजारचा स्टॅख म्हणतो, साहेबांचं चुकलं. त्याची बायको म्हणते, स्टॅखचंच चुकलं असेल.

मग म्हटलं, आपणच बघून यावं. आपल्या गाड्या विकणाऱ्या दुकानात आता तुमच्या कंपनीच्या गाड्या आल्यात. गेल्या गुरुवारी हलिनाला घेऊन गेले. नऊ वर्षं मी गल्लीभर सांगत आले, की फ्लिंटच्या गाड्यांच्या सीटची शिलाई म्हणजे बटाट्याची पोती. तर ते खरं आहे का, एवढंच बघायचं होतं. मी खाली बसले आणि सीटखाली हात घातला.

विकणारा पोरगा धावत आला. “आजी, काही पडलं का?”

“पडलं नाही,” म्हटलं, “शोधतेय.”

ब्रोनेक, टाका बारीक होता. माझ्यापेक्षा बारीक नाही, पण बारीक. आणि अगदी आत, जिथे कुणाचा हात जात नाही, तिथे निळ्या दोऱ्याच्या दोन गाठी होत्या. तुला आठवतं ना, मला माझा नंबर लिहिता येत नव्हता, म्हणून मुकादमबाईने मला खुणेची मुभा दिली होती? लाल दोऱ्याचे तीन टाके, कोंबडीच्या पायासारखे. तसंच हे. तुमच्याकडे कुणीतरी बाई आहे, जिने निळा दोरा निवडलाय. तिचं नाव काय? तीही माझ्यासारखीच अंगठाबहाद्दर का? शिलाईखात्यात विचार, आणि मला कळव. खरंच कळव, मला झोप लागेनाशी झालीय.

हलिना म्हणते, आजी, एवढ्याचसाठी पत्र? लिही म्हटलं, गप्प.

ती गल्लीतली रीत तुला मी सांगायला नको. दुसऱ्या कंपनीची गाडी पाहुण्याची असली तरी चर्चमागच्या मैदानात लावायची आणि पायी यायचं. कारखाना वाचावा म्हणून पगार कमी करून घ्यायला इथल्या सगळ्यांनी होकार दिला, त्या वर्षी तू फ्लिंटला गेलास, आणि पुढच्या ईस्टरला ती हिरवी गाडी थेट दारात आणलीस. मी दारात आले. तू खिडकीची काच खाली केलीस, आणि मी म्हटलं, “बाबा म्हणतात, ही गाडी दारात असेपर्यंत घरात पाय टाकू नकोस.”

बाबा मागच्या अंगणात ईस्टरसाठीचा झणझणीत मुळा किसत होते, त्याच्या तिखटाने डोळे पुसत. त्यांना तू आल्याचंही माहीत नव्हतं. ते वाक्य माझं होतं. समोरच्या सगळ्या खिडक्यांचे पडदे हलत होते, आणि मला लाज वाटली. माझ्या नावाने तू ऐकलं नसतंस, म्हणून त्यांच्या नावाने बोलले. त्यांना सांगितलं, ब्रोनेक घाईत होता, निघून गेला.

नऊ वर्षं ते विचार करतायत, आपण काय केलं म्हणून.

उपवासाच्या पहिल्या आठवड्यात पाद्रीबाबांपुढे कबूल केलं. ते म्हणाले, मला सांगून काय उपयोग, आजीबाई? काल जेवताना तुझ्या बाबांना सांगितलं. त्यांनी चमचा खाली ठेवला. मग विचारलं, “हिरवी होती?” हो म्हटलं. “गडद का फिकी?” मला आठवेना. उठले, आपली जुनी स्टुडबेकर मागच्या शेडमध्ये नेऊन लावली, फावडं घेतलं आणि दारापुढची जागा कडेपर्यंत साफ केली. आज सकाळी पुन्हा बर्फ पडलं. पुन्हा साफ केली. माझ्याशी अजून बोललेले नाहीत. ते मी सोसीन, माझंच आहे.

ईस्टर एकोणतीस तारखेला आहे. गाडी चर्चमागे लावू नकोस. कोण बघतं ते मी खिडकीत बसून बघते.

खाली हलिनाने माझं नाव लिहायचं म्हटलं. नको म्हटलं. लाल दोरा ओवलाय, सुई बारीक घेतलीय, कागद फाटणार नाही. हात लावून बघ, ते वाक्य माझं होतं तसे हे टाकेही माझेच,

तुझ्या आईचे.