ढोलीची भिंत

१२ मार्च
सभा जिंकली! वाचनालयाचा हॉल तुडुंब, मागची माणसं खिडकीत. धनेशावर बोलले — मादी झाडाच्या ढोलीत शिरते, तोंड लिंपून स्वतःला कोंडून घेते, चोचीपुरती फट ठेवते. नर बाहेरून फळं भरवतो. जो पक्षी रानभर बिया पेरतो, त्याची घरं कापून आपण कपाटं केली! लोक उठून उभे राहिले. आमच्या राखण मंडळाचे प्रमुख शिंपीभाऊ खूश. म्हणाले, आता आपल्या रानातल्या ढोलीच्या राखणीला माणसांची वाण पडायची नाही.

१४ मार्च
पडली नाहीच. आज रविवार, अख्खं गाव ढोलीच्या झाडाखाली! डबे, चटया, खांद्यावर पोरं. सगळे एकमेकांना गप्प बसा म्हणून सांगत होते, तोच केवढा गलबला.
नर गळा फळांनी भरून आला. समोरच्या झाडावर बसला, खाली पाहिलं, निघून गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. फटीतून मादीची चोच बाहेर येत राहिली.
परतताना शिंपीभाऊ एवढंच बोलले, "ताई, बोललात फार छान. इतकं छान नको होतं."

१५ मार्च
झोप नाही. नर बिथरला तर आतली मादी उपाशी, पिल्लूही. आणि हे संकट माझ्या जिभेने आणलेलं.
सासूबाई मटार सोलत होत्या. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. "बाळंतिणीच्या दारात कुणी जत्रा भरवतं का? बोलून आणलेस ना लोक? मग बोलूनच अडव."

२१ मार्च
अडवले! रानाच्या अलीकडे रस्त्याला फाटा फुटतो, तिथे सकाळीच फळांचं रिकामं खोकं मांडून त्यावर उभी राहिले. पहिलं टोळकं दिसताच सुरुवात. जंगलांचा इतिहास, राजांच्या शिकारी, आगबोटींसाठी कापलेली लाकडं, वाचलेलं सगळं बाहेर काढलं. मुद्दे संपले तेव्हा शत्रू शोधले, ते संपले तेव्हा आमच्या नगराध्यक्षांवर घसरले. लोकांनी तिथेच चटया अंथरल्या, डबे सोडले. झाडापर्यंत एकही गेला नाही.
हे पाण्याचा तांब्या घेऊन आले. कानात म्हणाले, "लग्नापासून आज पहिल्यांदा वाटतंय, तुझं भाषण लांबावं."
दुपारी शिंपीभाऊ आले, लांबूनच हात वर केला. नराने भरवलं होतं! मी खोक्यावरच मटकन बसले. लोकांना वाटलं, भाषणाचा शेवट आहे. टाळ्या वाजवल्या.

२२ मार्च
आवाज बसलाय. घरात सगळे फार आनंदात.

४ एप्रिल
आता दर रविवारी फाट्यावर सभा, झाडाजवळ फक्त दोघे राखणदार. लोकांनाच सवय लागली. कुणी पुढे निघालं तर दुसरा म्हणतो, बाळंतीण आहे तिकडे, बसा खाली. सासूबाईंना सांगितलं नाही. डोक्यावर बसतील.

२५ एप्रिल
सकाळी शिंपीभाऊ धापा टाकत दारात. ढोलीची भिंत फुटली आहे. तुकडे खाली पडलेत, तोंड उघडं. पिल्लू उडण्याजोगं व्हायला अजून अवकाश आहे. घोरपड? माणूस? नराने आणणं बंद केलं म्हणून तीच उपाशी बाहेर पडली?
धावत गेलो. आत अंधार, हालचाल नाही. दोघंही एकमेकांकडे न पाहता परतलो.

२६ एप्रिल
पहाटे पुन्हा गेलो. नर-मादी दोघं शेजारी, एकाच फांदीवर, दोघांचेही गळे फळांनी फुगलेले. एकटा बाप कमी पडत होता, म्हणून आईही कामाला बाहेर पडली!
आणि ढोलीचं तोंड अर्धं बुजलेलं. आतून एक इवलीशी चोच ओला गारा थापत होती. पिल्लू आपली भिंत आपणच लिंपत होतं.