मालनच्या डोळ्यातली टिकली

लालबाग, बुधवार

चिरंजीव बाबूस ताईचा आशीर्वाद.

तुझी ढास थांबली का? नसेल तर विडी सोड, आणि सोडली म्हणणार असशील तर खोटं बोलू नको. तुरुंगाच्या नोकरीत तुला बरी माणसं कधी भेटली नाहीत, ती आता सत्याग्रहामुळं भेटतायत हे उत्तम झालं. इकडं सगळे खुशाल, म्हणजे मी आहे. मालनचं ऐक.

नातीचा उजवा डोळा लहानपणीच देवीत गेला. डाव्याचं बुबुळ गेल्या सालापासून भोवऱ्यासारखं टोकदार होत चाललं, चष्मा लागू पडेना. गिरगावच्या डॉक्टरनं विलायतेहून प्लास्टिकची नखाएवढी टिकली आणवली, ती थेट बुबुळावर बसते. (डोळ्यात कुसळ गेलं तर माणूस नाचतो, आणि हा झाकण घालतो, असं मी त्याला तोंडावर म्हटलं. पण पोरीनं समोरच्या चाळीतल्या मीराबाईच्या लुगड्याचं ठिगळ ओळखलं, तेव्हा माझे शब्द मागं घेतले.)

रात्री टिकली पाण्यात ठेवायची. आमच्या खोलीत कुणाचा पाय लागत नाही अशी जागा एकच, देव्हारा. म्हणून वाटी देवापुढं. पाण्यात टिकली मुळीच दिसत नाही, ही तिची खोड.

काल भल्या सकाळी, मालननं टिकली घालायच्या आधीच, शेजारचा दत्ताराम सत्याग्रहाला निघाला. गळ्यात हार, घरोघर पाया पडत आला. "आजी, संयुक्त महाराष्ट्र घेऊनच येतो!" मी म्हटलं, "आधी चहा घे, मेल्या." तेवढ्यात यानं देवाला हात जोडले आणि तीर्थ म्हणून वाटी घशात ओतली. (लोक पळीभर घेतात. हा गिरणीत बॉयलरला पाणी पाजणारा, याला पळी कुठं पुरायची?) मालन किंचाळेपर्यंत हा जिन्याखाली. मी मागून ओरडतेय, "ओक रे दत्ताराम, ओक!" आणि खाली रस्त्यात मोर्चा म्हणतोय, "झालाच पाहिजे!" पुढं पोलिसांनी त्याला गाडीत घातला.

सोमवारी मालनची फायनलची परीक्षा. पास झाली तर मास्तरीण होईल. टिकलीवाचून तिला प्रश्नपत्रिका आणि पोळपाट एकच, आणि दुसरी यायला चार महिने.

असो. वहिनीशी नीट बोलत जा.

तुझी ताई

ता. क. दत्ताराम तुझ्याच तुरुंगात आहे, मी चौकशी केली. पत्र आणणाऱ्याकडं एरंडेलाची बाटली दिली आहे. ती त्याला पाज आणि पुढं नजर ठेव. नाक मुरडू नको, लहानपणी तू गिळलेली माझी नथ मी अशीच सोडवली होती.

आणखी एक. त्याला कारण सांगू नको. तीर्थ घेतलं म्हणून लाठी चुकली, असं तो सगळ्यांना सांगतोय म्हणे.

आणि हे नीट वाच. टिकली साबणानं धू, उकळू नको, वाकडी होईल. मालनला मी सांगणार आहे की टिकली वाटीत नव्हतीच, देव्हाऱ्यामागं सापडली. जन्मात एकदा तोंड बंद ठेव.