हजेरीतली एक ओळ

"वाचता येतं म्हणून सगळंच वाचायचं नसतं, पोरी." गुरुजी, हे वाक्य तुम्ही आमच्या तांड्यावर, आमच्या चुलीपाशी बसून म्हणाला होतात. मी तेव्हा चौथीत होते. आज मी पंचेचाळीस वर्षांची आहे आणि तुम्हाला जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. तुम्ही सांगितलेलं बाकी सगळं मी ऐकलं. पाय धुऊन वर्गात यायचं, ओळीच्या खाली अक्षर लोंबू द्यायचं नाही, उत्तर येत नसेल तर 'येत नाही' म्हणायचं. हे एकच ऐकलं नाही. पुडीचा कागद, एसटीच्या तिकिटामागची बारीक छपाई, सासरच्या माणसांनी 'इथं फक्त सही कर' म्हणून पुढे सरकवलेले कागद, सगळं शेवटच्या ओळीपर्यंत वाचत आले. त्याबद्दल मी तुमची माफी मागणार नाही.

शाळेच्या वर्धापनाची स्मरणिका निघते आहे. तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांनी मला निरोप पाठवला, 'तुम्ही लेखिका, तुम्ही गुरुजींवर दोन पानं द्याच.' मी कागद घेऊन बसले. तुमची सायकल आली, कापडी पिशवी आली, टोपीच्या कडेचा घामाचा डाग आला, आणि मग ते वाक्य आलं आणि पुढे काही सुचेना. म्हणून स्मरणिकेला काही न देता तुम्हालाच लिहिते आहे.

तुम्ही दिग्रसहून बदलून आलेले. तुमच्या घरात सगळे कचेरीत नोकरीला, तुमची भाषा पुस्तकातली. आमच्या तांड्यावर घरात आमची बोली, गावाशी वऱ्हाडी, आणि तुमच्यापुढे गप्प. गाव आणि तांडा यांची पंचायत एकच होती आणि तुम्ही शाळा सांभाळून पंचायतीचं दप्तरही लिहायचे. कायद्याने पंचायतीत बायका हव्या होत्या. गावातल्या मोठ्या घरांनी आपल्या बायका काही दिल्या नाहीत, म्हणून सरपंच तांड्याच्या नायकाकडे आले आणि नायकाने माझ्या आईचं, माझ्या याडीचं नाव सुचवलं. कारण काय, तर ती बोलत नाही. खरं म्हणजे ती पुष्कळ बोलायची, पण आमच्या बोलीत, आणि ते गावाला कुठे ऐकू जाणार होतं.

सभा चावडीवर व्हायची. याडीला निरोप कधी आला नाही. सभा झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तुम्हीच सायकलवर तांड्याकडे यायचे, पिशवीतून सभेचं जाड बुक काढायचे, पत्र्याच्या डबीतली शाईची गादी काढायचे. याडी चुलीपाशी भाकरी थापत असे. ती परातीत हात झटकायची, तुम्ही तिचा अंगठा धरून गादीवर आणि मग पानावर टेकवायचे. ज्वारीचं पीठ रेषांमध्ये राहिलेलं असायचं, त्यामुळे तिचा अंगठा नेहमी अर्धाच उमटायचा. मग तुम्ही आमच्याकडचा चहा घ्यायचे. गावातलं दुसरं कुणी आमच्या कपाला ओठ लावत नव्हतं, हे मी विसरलेले नाही. पण प्रत्येक पानावर तिच्या नावापुढे, तुमच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात, 'हजर' लिहिलेलं असायचं, हेही मी विसरलेले नाही. आम्हाला वर्गात खोटं लिहू नका म्हणणाऱ्याचाच तो हात.

त्या दिवशी याडीने मला हाक मारली आणि आमच्या बोलीत म्हणाली, काय लिहिलंय बघ. मी पानावर वाकले. तेव्हा तुम्ही ते वाक्य म्हणालात. रागाने नाही, हसूनच. आणि खिशातून एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने निळी अशी पेन्सिल काढून मला दिलीत. नवी होती, टोकसुद्धा काढलेलं नव्हतं. याडीने अंगठा दिला. तुम्ही चहा घेतला. सायकल गेली.

आमच्या तांड्याला विहीर मंजूर झाली होती, एवढं तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं. बायका नाल्यात झिरा खणून वाटी-वाटीने घागर भरायच्या आणि विहीर झाल्यावर कोण कधी पाणी भरणार यावरून आत्ताच भांडायच्या. पंधरा दिवसांनी सुरुंगाचे आवाज आले ते गावाकडून. याडी दोघी-तिघींना घेऊन बघायला गेली, मी मागे. सरपंचाच्या घरामागे खणणं चाललं होतं. याडीने विचारलं, ही आमची विहीर इथं काहून. सरपंच खाटेवर बसले होते, ते मजेत म्हणाले, "तुह्याच अंगठ्यानं तं खोदून राह्यलो, बाई." आजूबाजूचे हसले. तुम्ही लिहिलेला ठराव त्यांनी कुणाकडून तरी वाचून घेतला. तांड्याकडील जागा पाण्यास अयोग्य असल्याने विहीर गावठाणात घ्यावी, ठराव सर्वानुमते मंजूर. 'सर्वानुमते'चा अर्थ याडीला मीच वाटेत सांगितला. ती थांबली आणि स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिली, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

घरी आल्यावर तिने मला समोर बसवलं. तू वाचलं होतंस का? मी म्हटलं, नाही, गुरुजींनी पानावर हात ठेवला होता.

पुढच्या वेळी तुम्ही बुक घेऊन आलात तेव्हा ती दारातच उभी राहिली. चहाचं आधण नव्हतं. ती वऱ्हाडीत म्हणाली, "पानावर हात काहून ठेवला, गुरुजी?" तुम्ही तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. टोपी काढून कपाळ पुसलं आणि बुक पिशवीत घालून निघून गेलात. त्यानंतर तुम्ही आमच्याकडे कधी आला नाहीत.

पंचायतीची मुदत संपून निवडणूक लागली. सरपंच पुन्हा नायकाकडे येऊन म्हणाले, बायकांची जागा आहेच, तीच बाई पुन्हा बिनविरोध घेऊ, आणि तांड्याच्या वॉर्डातून नेहमीचा माझाच माणूस. नायकाने हो म्हणून टाकलं. याडी नायकाच्या अंगणात गेली. आमच्यात बायका तिथं बोलायच्या नाहीत. नायक म्हणाला, तांड्याचा शब्द गेला आहे. ती म्हणाली, शब्द तुमचा गेला, अंगठा माझा गेला, आता वॉर्डातून मी उभी राहते. त्या दिवसापासून माझा बा घरात तिच्याशी बोलेनासा झाला, पण अर्ज भरायच्या दिवशी बैलगाडी मात्र जुंपून दारात आणून ठेवली.

चावडीवर तहसिलातले साहेब बसले होते आणि तुम्ही शेजारी अर्ज तपासत होतात. तुम्ही चांगल्या मनानेच म्हणालात, "बाई, पोरीकडून सही शिकून घ्या. अंगठ्यापेक्षा बरं दिसतं."

"सही तं कोनीबी कोनाची करते, गुरुजी," ती म्हणाली. "अंगठा माह्याबिगर कोनाले देता येत नाही. फक्त आता तो मी बसन तिथंच भेटन, घरी भेटनार नाही."

साहेब मान खाली घालून हसले. तुम्ही गादी पुढे केलीत. त्या दिवशी ती हात धुऊन आली होती. अंगठा पूर्ण उमटला, गोल, एकेक रेष मोजता यावी असा.

तिला शिडी हे चिन्ह मिळालं. गावातल्या पोराटोरांना विषय झाला. शिडी घेऊन कुठं चढता, बाई? एक जण म्हणाला, विहिरीत उतरायला घेतली असन. ती चालता चालता म्हणाली, "आंधी विहीर तं द्या, मंग उतरून दावतो." हे उत्तर तिच्याआधी गावभर पोचलं. मतांसाठी ती पुरुषांकडे गेलीच नाही. झिऱ्यावर बसायची, कापूस वेचणाऱ्या बायकांच्या ओळीत शिरायची. आमच्याच वॉर्डात मोडणाऱ्या, गावातल्या खालच्या आळीतल्या बायकासुद्धा पाण्याला नाल्यावरच यायच्या. सरपंचाच्या घरामागच्या विहिरीवर त्यांना कुणी पोहरा टाकू देत नव्हतं. मतदानाच्या दिवशी त्या सकाळीच शाळेपुढे रांगेत उभ्या होत्या, लुगड्याच्या टोकात चिठ्ठी बांधून. याडी सात मतांनी आली. नायकाने गुलाल लावून घेतला, जणू त्यानेच उभी केली होती.

पहिल्या सभेच्या सकाळी तिने मला विचारलं, शाळेत नाव घेतल्यावर काय म्हणतात? मी सांगितलं. ती भाकरी थापताना तो शब्द पुटपुटत होती. मी चावडीच्या खिडकीखाली उभी आहे. तुम्ही एकेक नाव वाचता आहात. तिचं नाव येतं. तुम्ही तिला कायम 'बाई' म्हणत आलात, तिचं नाव तुमच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकते आहे, आणि तुम्ही ते कुठेही अडखळू देत नाही. ती म्हणते, हजर. फार मोठ्याने, जसं आम्ही वर्गात ओरडतो. सगळे हसतात. सरपंच विचारतात, शाळा हाय काय ही? तुम्ही हसत नाही. टाक दौतीत बुडवता, निथळू देता, आणि लिहिता.

विहीर तांड्यावर आली ती तिसऱ्या उन्हाळ्यात. तुमच्या ठरावातल्या त्याच अयोग्य जागेला पाणी लागलं, थोडं मचूळ, पण मे महिन्यातही आटलं नाही. लोक म्हणतात, गुरुजी काय करणार, सरपंचापुढे बिचारे नोकर माणूस. मी हे कुणाला म्हणू देत नाही. तुमच्या हातात टाक होता. ज्याच्या हातात टाक असतो तो बिचारा नसतो, हे मी तुमच्याकडूनच शिकले आहे, तुम्ही शिकवलं नसलं तरी.

आता ती गोष्ट, जी याडीलाही मी कधी सांगितली नाही. ती शेवटपर्यंत तुमच्यावर राग धरूनच गेली. तुम्ही पानावर हात ठेवला नव्हता. हात तुमच्या मांडीवर होता. तुम्ही बोललात तोपर्यंत माझं शेवटच्या ओळीपर्यंत वाचून झालं होतं, 'गावठाणात' हा शब्द कळलाही होता, आणि मग पेन्सिल हातात आली. मी गप्प राहिले. नंतर त्या हाताचा आळ मी तुमच्यावर घातला, आणि तुम्ही तो झटकला नाहीत. त्याने तुमची ओळ खरी होत नाही, गुरुजी, पण माझीही खोटीच राहते. माझी मी आज खोडते आहे. हे पत्र कुठेही जाणार नाही, तरी खोडते आहे. आता तुम्ही तुमची खोडा. विहिरीच्या ठरावाच्या पानावर, तिच्या नावापुढे, 'हजर'वर एक रेघ मारा आणि वर 'गैरहजर' लिहा. एवढंच. मला ठाऊक आहे तुम्ही काय म्हणाल, वहीत रेघ मारलेली दिसली की तुम्ही आम्हाला अख्खं पान पुन्हा लिहायला लावायचे: खाडाखोड चालणार नाही.