बेशुद्ध विद्यार्थिनीची दुसऱ्या सत्राची नोंदणी करून घेण्याबाबत

दिनांक : ११ मार्च

प्रति,
मा. कुलसचिव,
परदेशी विद्यार्थी नोंदणी विभाग,
विद्यापीठ कार्यालय, तळमजला.

विषय : बेशुद्ध अवस्थेतील विद्यार्थिनीची दुसऱ्या सत्राची नोंदणी करून घेण्याबाबत.

संदर्भ : ‘नोंदणीस स्वतः हजर न राहिल्याने नाव कमी करण्यात आले आहे’ असे कळविणारे आपले पत्र.

महोदय,

मी आपल्या विद्यापीठातील एका परदेशी विद्यार्थिनीची आई आहे. आमच्या गावी पाणीपुरवठा कार्यालयात आवक-जावक लिपिक म्हणून नोकरी करते. आपली भाषा मला येत नाही, म्हणून हा अर्ज माझ्या भाषेत लिहीत आहे. मुलीच्या खोलीत राहणारी तिची मैत्रीण त्याचे भाषांतर करून सोबत जोडील. त्यात काही अधिक-उणे आढळल्यास दोष माझा धरावा, त्या मुलीचा धरू नये. तिला अजून आपल्याकडेच शिकायचे आहे.

१. माझी मुलगी पूलबांधणीचे शिक्षण घेण्यासाठी आपल्याकडे आली. तिचे वडील कारखान्यात लेथवर काम करतात. प्रवेश मिळाल्याचे कळले तेव्हा त्यांनी खात्यातल्या प्रत्येकाला ‘पोरगी पूल बांधणार’ असे सांगितले, आणि कुठल्या नदीवर असे कोणी विचारले की ‘नदी अजून ठरायचीय’ असे म्हणत. पहिले सत्र ती चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली, हे आपल्या दप्तरी आहेच.

२. दुसऱ्या सत्राच्या नोंदणीसाठी ती सकाळी खोलीतून निघाली. रस्त्यावर बर्फ गोठला होता. विद्यापीठाच्या फाटकासमोर रस्ता ओलांडत असताना एक मालवाहू ट्रक घसरून तिच्या अंगावर आला. चालकाची चूक नव्हती असे पोलिसांचे म्हणणे आहे, आणि मी त्यावर वाद घालत नाही. नोंदणीचे कागद तिने प्लास्टिकच्या पिशवीत घातले होते, ते कोरडे राहिले. सहीची जागा तेवढी मोकळी आहे, कारण सही आपल्या कर्मचाऱ्यासमोरच करावी लागते.

३. तिच्या पहिल्या सत्राच्या नोंदणीची मुदत तेव्हा शिल्लक होती, म्हणून मला भेटीचा परवाना लगेच मिळाला. आल्यावर मी तिच्या मैत्रिणीला घेऊन आपल्या खिडकीवर गेले. मुलगी रुग्णालयात आहे, यंत्रावर श्वास घेते आहे, असे सांगितले. तेथील बाई अदबीने बोलल्या. विद्यार्थिनीने स्वतः यावे, समोर सही करावी, कॅमेऱ्यात पाहावे, एवढेच त्यांच्या हातात होते. डॉक्टरांचा दाखला दिला, तो ठेवून घेण्यात आला. चार दिवसांनी उत्तर मिळाले की गैरहजेरीचे कारण मान्य आहे, परंतु गैरहजेरी मान्य नाही. हे वाक्य मैत्रिणीने मला दोनदा समजावून सांगितले. मी कचेरीतच वाढलेली बाई आहे, मला ते पहिल्याच वेळी समजले होते.

४. अंगठा घ्यावा अशी विनंती केली. अंगठा समजून-उमजून दिलेला असावा लागतो, असे सांगण्यात आले. त्यानंतर खिडकीवरच्या त्याच बाई आपले काम संपवून, कॅमेरा घेऊन, स्वतः रुग्णालयात आल्या. त्यांच्यावर कृपया कारवाई करू नये. मुलीचे डोळे अधूनमधून आपोआप उघडतात, पण ते पाहत नाहीत. आम्ही तिघी खाटेभोवती उभ्या राहिलो. डोळे उघडले. कॅमेऱ्याचे यंत्र बोलले. मैत्रिणीने हळूच सांगितले, ‘काकू, ते म्हणतंय, समोर बघा.’ यंत्राने तेच पुन्हा पुन्हा सांगितले आणि मग ते बंद पडले. बाईंनी ते पिशवीत भरले, माझा हात थोडा वेळ धरला आणि लिफ्टची वाट न पाहता जिन्याने उतरून गेल्या.

५. तिच्या वडिलांकडे पारपत्र नव्हते. घरातून एकीने परदेशी गेले की पुष्कळ झाले, असे ते म्हणत. आता ते घाईने काढून त्यांनी भेटीच्या परवान्यासाठी अर्ज केला. आपल्या देशाच्या वकिलातीने तो परत केला. शेरा असा : ‘ज्या विद्यार्थिनीस भेटावयाचे आहे, ती विद्यार्थिनी नाही.’ रुग्णाचे नातेवाईक म्हणून अर्ज करावा, तर रुग्णास या देशात राहण्याची परवानगी असल्याचा दाखला लागतो. ती परवानगी नोंदणीबरोबरच गेली. इकडे आड, तिकडे विहीर. तिला मायदेशी न्यावे, तर विमानात चढवण्यापूर्वीच ती दगावेल असे डॉक्टर सांगतात. म्हणजे तिला इथे राहता येत नाही, निघताही येत नाही, आणि तिच्या बापाला पोहोचता येत नाही.

६. परवा मोठ्या डॉक्टरीणबाईंनी मला खुर्चीत बसवले आणि मुलगी आता जागी होणार नाही, असे सांगितले. यंत्र बंद करण्याच्या संमतीपत्रावर आईची सही पुरेशी आहे, असेही त्या म्हणाल्या. महोदय, तिचा श्वास थांबविण्याच्या कागदावर माझी सही चालते. नोंदणीच्या कागदावर चालत नाही. मी अद्याप सही केलेली नाही. वडील येईपर्यंत थांबू, असे डॉक्टरीणबाईंनी कबूल केले आहे, पण त्यांनाही वर उत्तर द्यावे लागते.

काल तिच्या वडिलांचा फोन आला. मागे यंत्रांचा आवाज येत होता, म्हणजे ते कामावरच होते. ‘तिच्या कानाशी धर,’ म्हणाले. मी धरला. ‘बाबा निघालाय गं,’ ते तिला म्हणाले. ‘थोडी थांब.’ त्यांच्या हातात परवाना नाही, तिकीट नाही. सव्वीस वर्षांच्या संसारात या माणसाला मी खोटे बोलताना ऐकले नव्हते.

७. तरी नम्र विनंती की, माझ्या मुलीचे नाव दुसऱ्या सत्रासाठी नोंदवून घ्यावे आणि तसे वकिलातीस कळवावे. तिला वर्गात जागा नको, वसतिगृहाची खोली नको, परीक्षेचा क्रमांक नको. ती शिकेल असे मी कोठेही म्हणत नाही. तिचे वडील येऊन तिच्याजवळ बसेपर्यंत ती आपली विद्यार्थिनी असावी, एवढेच मागणे आहे. त्यानंतर तिचे नाव कमी करावे, माझी हरकत राहणार नाही. ते कळवायला मी स्वतः येईन, आणि आपल्या कर्मचाऱ्यासमोर सही करीन.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,

(सही)
विद्यार्थिनीची आई
मुक्काम : अतिदक्षता विभागाबाहेरील बाक