सीवरून डीवर

३ नोव्हेंबर, सोमवार

मिळाली एकदाची नोकरी! सोलापूर, एमआयडीसीतला चादरींचा कारखाना, डिझाइनची खोली, आणि पंखा माझ्या एकटीचा. चादरीवरची नक्षी कॉम्प्युटरवर काढायची नि मागावर पाठवायची, एवढंच काम. कॉम्प्युटर मात्र म्हातारा आहे. तो जागा होईपर्यंत चहा पिऊन कप धुऊन होतो. लेकीला, सृष्टीला, गावी केमला आईजवळ ठेवलंय. स्टेशनवर पोरगी रडली नाही, उलट मलाच म्हणाली, डोळे पूस. खोली मिळाली की तिला इकडं आणायचं. त्यासाठी नोकरी टिकली पाहिजे, बाकी गेलं उडत.

५ नोव्हेंबर

डिस्कचा सी भाग खराब होत चाललाय, डी धडधाकट आहे. मालक नवा कॉम्प्युटर घेणार नाहीत. म्हणून मागांवरचे मास्तर बसूअण्णा यांनी सांगितलं, सगळी सिस्टिम सीवरून उचलून डीवर न्यायची, तिथून चालू करायची नि मग सी पुसून टाकायचा. एकाच घरात या खोलीतला संसार त्या खोलीत, तसं. मी म्हटलं, येतं मला.

कॉपी लावत होते तेवढ्यात मागावरच्या ताण्याचे, म्हणजे उभे धागे सांधणारी महेश्वरी आली. म्हणाली, हितं नव्या ताण्याला पयली गाठ आपल्या अंगावरच्या सुताची मारत्यात, मग ताणा आपला हात वळकतो. ही बी नवी मांडणीच हाय की. मी हसत ओढणीचं सूत ओढलं नि डिस्कच्या वायरीला बांधलं. बसूअण्णा चिडले. ती रीत सुताला हाय, असल्या यंत्राला न्हाय, म्हणाले. सोडवायला गेले तर गाठ सुटेना. कॉपी सुरू झाली होती.

६ नोव्हेंबर

कॉपी गोगलगाईसारखी चाललीय. डब्यात शेंगाचटणी होती. महेश्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं, लई तिखट म्हणाली. मला काहीच लागलं नाही. सर्दी असणार. बोटंही बधिर झालीत. टाचणी टोचून पाहिली. रक्त आलं, दुखलं नाही.

८ नोव्हेंबर

कॉपी संपली. कॉम्प्युटर डीवरून चालू झाला, अगदी तरण्या पोरासारखा. बसूअण्णा खूश. मला आनंद व्हायला हवा होता.

मोबाइलवर सृष्टीचा फोटो पाहिला. कुणाचा आहे ते कळतं. पण पाहिल्यावर छातीत जे हलायचं, ते हलत नाही. भीती वाटायला हवी. तीही नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

केमला गेले. आई दारात आली. कुणाकडं आलाय तुमी, असं विचारलं. मी माझं नाव सांगितलं. ती हसली. म्हणाली, ह्ये तर माझ्या लेकीचं नाव. आजच आलीय सोलापूरनं, नातीची वेणी घालतीय.

आत पाहिलं. ती मीच होते. ओढणीसुद्धा तीच.

सृष्टी माझ्याजवळ आली, हात धरला. मावशी, तुमचा हात गार हाय, म्हणाली. आणि परत जाऊन तिच्या मांडीवर बसली.

मी मागं फिरले. परतीच्या गाडीनं आले.

१० नोव्हेंबर

माझ्या खुर्चीवर ती. बसूअण्णा तिच्याशी बोलले. महेश्वरी तिच्याबरोबर जेवली. मी दाराशी उभी होते — दिवसभर — कुणी पाहिलं नाही.

११ नोव्हेंबर

ती वाईट नाही. तिला खोली मिळाली. पोरीचा फोटो पाहून रडली. खरं रडली.

मग तिनं सी पुसायला घेतला. पडद्यावर आलं — हा भाग वापरात आहे, आधी बंद करा.

तिनं मागं वळून माझ्याकडं पाहिलं. पहिल्यांदाच. माझ्याच आवाजात, हळू विचारलं, तुम्ही बंद होता का, लेक यायचीय माझी.

मी लिहितेय. ती थांबलीय.

नाही म्हणायचंय मला. त्या पोरीसाठी — नाही म्हणायचंय — वेणी होती — तिचं नाव —

कोण यायचंय म्हणाली ती